परबकाका आणि खरखर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत परबकाका गाडीत बसलेले दिसले की माणसं मागच्या गेटने जातात. कारण काका हाक मारून शेजारी बसवतात, काचा वर करतात, म्युझिक सिस्टीम चालू करतात आणि गाणं लावतच नाहीत. "आता ऐक," म्हणतात. आपण घामाघूम. मग हळूच प्रश्न येतो, "खरखर येता काय रे?"

"नाही" म्हणायचं आणि सुटायचं, हे मी लवकर शिकलो.

काका मूळचे मालवणकडचे, आता निवृत्त. गाडी जुनी, पण सीटखाली अँप्लिफायर असा की वरातीला पुरावा. त्यावर एक बारीक स्क्रू असतो, तो गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा. तो फिरवायला काकांच्या खिशात पेनाच्या जागी कायम स्क्रूड्रायव्हर. "गेन म्हणजे आवाज नाय रे," हे त्यांनी वॉचमनकडूनही पाठ करून घेतलंय. गेन जास्त ठेवला तर मोठं गाणं फाटतं आणि हळू गाण्यामागे खरखर राहते. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी भटजींना चौथ्या अध्यायावर थांबवलं आणि स्पीकर सुधारूनच पाचवा वाचू दिला.

मला परबकाकूंची दया यायची. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचं बोलणं गेलं. साधं 'पाणी' म्हणायलाही शब्द सापडत नाही. आणि हा माणूस त्यांना शेजारी बसवून स्क्रू पिळत बसतो.

एकदा रिक्षा मिळेना म्हणून काकांनी मला पवईला सोडलं. काकू पुढे, मी मागे. काकांनी एक जुनं भावगीत चांगलं मोठ्याने लावलं. काकू गुणगुणू लागल्या आणि कडव्याला चक्क शब्दांसकट गाऊ लागल्या. काकांनी आवाज थोडा कमी केला. मग आणखी थोडा. सिग्नलला थांबलो तेव्हा स्पीकर असून नसल्यासारखा होता आणि गाडीत फक्त काकूंचा आवाज होता. कापरा, पण सुरात.

"बोलणा गेला तरी गाणा रवता, असा डॉक्टर म्हणालो," काका आरशातून म्हणाले. "धरूक तिका गाणा लागता. पण माका तिचो आवाज आयकूचो आसता. मधी खरखर कित्याक?"

गाणं संपलं तसे काकूंचे शब्दही संपले. मला काही सांगायला त्या वळल्या, ओठ हलले, पण ते राहूनच गेलं. काकांनी तेच गाणं पुन्हा लावलं.

परवा काकांनी गेटवर हाक मारली. मी आपणहून काचा वर केल्या, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच खरोखर ऐकलं.

"येता काय रे?"

"येतेय, काका. अगदी किंचित. काकूंच्या बाजूने."

काका खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून सीटखाली वाकले.