अप्पांच्या पिशवीतला नारळ

वैजनाथअप्पांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. काय झालं ते मग.

बीडमध्ये संगणकाचे प्रोग्राम करून देणारा हा गृहस्थ पिशवीत नारळ घेऊन हिंडतो. नवा प्रोग्राम झाला की नारळ कीबोर्डवर ठेवायचा, निवांत चहा प्यायचा आणि मग पडद्यावर काय बिघडलं ते पाहायचं. लोक हसतात. त्या नारळाचं कारण मी आहे.

मी चंद्रपूरकडची. सातवीत शाळा सुटली, घरचे लग्नाच्या मागे लागले, तशी मावशीच्या ओळखीने इथल्या बियाण्यांच्या दुकानात संगणकावर बिलं करायला आले. एकेक कळ शोधून दाबायचे. त्यात खंडेनवमी आली. शेठ म्हणाले, बंद मशीनला काय पुजायचं, चालू ठेवा. मी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि नारळ मांडला तो थेट कीबोर्डवर. नेमका बिल पुसायच्या कळीवर बसला. आरती संपेपर्यंत हंगामाची निम्मी बिलं गेली.

शेठनी मावशीला निरोप धाडला, हिला घेऊन जा. माझ्या डोळ्यांपुढे लग्नाचा मांडवच उभा राहिला.

प्रोग्राम अप्पांचा, म्हणून त्यांना बोलावलं. सगळं ऐकून त्यांनी स्वतःचेच कान धरले.

शेठ वैतागले. "अप्पा, तुमी काहून कान धरता? चूक हिची हाय."

"न्हाई शेठ. खंडेनवमीला माणूस नारळ ठेवणारच. ते मला ठाऊक पायजे हुतं. न इचारता पुसणारी कळ मी केली."

छापील प्रतींवरून आम्ही दोघांनी बिलं पुन्हा भरली. माझी नोकरी राहिली. आता पुसायच्या आधी पडदा "खरंच पुसू?" असं विचारतो, आणि तीच कळ दाबून धरली तर "नको" समजतो.

तेव्हापासून अप्पांचा प्रत्येक नवा पडदा आधी माझ्यापुढे येतो. मी अडखळले की अप्पा खूश. मला वाटायचं, गावात सगळ्यात ढ मीच, म्हणून. एकदा धीर करून तसं विचारलं.

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"माय शिकलेली नव्हती, पोरी. कचेरीत भलत्याच खिडकीपुढं उभी ऱ्हायची. लोक खेकसले की 'चुकलं बाबा' म्हणून मागं सरायची. मला तिचीच लाज वाटायची. खिडकीवरची पाटीच धड नव्हती, हे लई उशिरा कळलं. आता तिला कुठून आणून बसवू पडद्यापुढं?"

सध्या मी त्यांच्याकडेच प्रोग्राम शिकते आहे. अप्पांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. कुणाला सांगत नाहीत; घरी सांगायला कुणी नाहीच. त्यांना कुणाला न विचारता वाचता येईल, असा पडदा मी करणार आहे. वेळ लागेल. पण करीन.