थॉर्बी खुर्दच्या सातव्या दगडाची हकीकत

श्रीचें स्मरण करून, श्रोतेजनांस दंडवत घालून, विलायतेंतील एका लहानशा गांवाचें वर्तमान कानीं आलें तैसें लिहिलें असे. इसवी सन सतराशें त्र्याण्णव, वैशाखमास. टोपीकरांचे मुलुखीं विंडल म्हणोन नदी, तिचे थडीस थॉर्बी खुर्द गांव. उत्तरेस मेंढरांची टेकडी, दक्षिणेस विळ्यासारखी वळलेली नदी, मध्यें बुटक्या मनोऱ्याचें देऊळ, मनोऱ्यावर वारा दाखविणारा पत्र्याचा कोंबडा, एक पाणचक्की आणि गवतानें शाकारलेलीं चाळीस घरें. राजे कितीयेक आले आणि गेले, गांवानें आपलें कुरण मात्र राखिलें, हाच तेथील इतिहास. आणि चाल ऐसी कीं, दरसाल वैशाखीं शिवेची फेरी करावी, आणि सात शीवदगडांवर पोरांस उलटें धरून डोकें हळूच आपटावें, म्हणजे शीव जन्मभर स्मरते. मग त्याच सालीं थोर पूर आला आणि नदीनें पात्र बदलिलें, कुरणापलीकडला सातवा दगड जुन्या पात्राचे पाण्यांत बुडाला आणि कुरण पैलतीरीं पडलें. तिकडे थॉर्बी बुद्रुक, तेथील जमीनदार सर अँब्रोज गर्जले जे, "नदी हीच शीव, कुरण आमचें!" गांवानें फिर्याद केली, आणि न्यायाधीश जुन्या पात्राचे थडीस येऊन बोलिले, "दिवस मावळण्याआधीं दगड दाखवा, नाहीं तर कुरण बुद्रुकचें."

मग गडी दुपारपर्यंत पाण्यांत काठ्या खुपसून थकले. गांवांत डॉर्कसबाई पिंचबेक म्हणोन परटीण, वय अडुसष्ट, अंगानें काटकुळी, जिभेनें तिखट. घरीं एकच गाय, ती त्याच कुरणावर चरे. ती पुढें होऊन म्हणाली, "महाराज, आठ वर्षांची असतां बापानें मज त्या दगडावर आपटिली. मी शोधितें."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, साठ वर्षें जालीं. स्मरतें कैसें?"

"कानांनीं ऐकिलेलें विसरतें, महाराज. टाळूस बसलेलें विसरत नाहीं."

ऐसें बोलोन बाई घागरा खोंचून गुडघाभर पाण्यांत शिरली; परंतु सरळ उभी राहून कांहीं केल्या आठवेना. मग गांवाकडे पाठ केली आणि वांकून आपल्याच पायांमधून गांव पाहों लागली. बुद्रुकचे लोक खदखदां हांसले, न्यायाधीशांनीं आभाळाकडे दृष्टि लाविली, आणि बाई खेंकड्यासारखी बाजूस सरकत ओरडली, "देवळाचा पत्र्याचा कोंबडा चक्कीच्या छपरावर बसलेला दिसतो, बापानें उलटी धरिली तेव्हां ऐसाच दिसला! याच ओळींत आहे!" मग त्या ओळीनें काठी टोंचीत चालिली, तों तिसावे पावलीं खट्ट वाजलें. गड्यांनीं पहारी लावून चिखल उपसला आणि दगड वर काढिला, बाईनें धुण्याचे कुंचल्यानें खसखसां घासला, तों मेंढ्याचें मस्तक कोरलेलें दिसलें, तें गांवाचें निशाण.

न्यायाधीशांनीं कुरण खुर्दास दिधलें आणि विचारिलें, "बाई, इनाम काय द्यावें?"

बाई म्हणाली, "इनाम नको. सर अँब्रोज फेरीस कधीं आले नाहींत, म्हणोन शीव चुकले. यांस एकवार आपटावें."

सर अँब्रोज लालबुंद जाले. मग आपणच हांसले, टोपी काढिली आणि मस्तक पुढें केलें. बाईनें तें मायेनें दगडावर टेकविलें, परंतु आवाज दोन्ही गांवांस ऐकूं आला.

सारांश, गाय कुरणावर राहिली, बाई आणखी अकरा वर्षें जगली, आणि दोन्ही थॉर्बीकर परस्परांचे जत्रेस जाऊं लागले. ऐसें हें वर्तमान. अधिकउणें जालें असेल तें लेखकाचें, गांवाचें नव्हे.