डावी खुर्ची रिकामी असताना

देश चालवणे आणि देश कसा चालला आहे यावर रोज संध्याकाळी सात वाजता संतापणे, ही दोन्ही कामे मुळात एकच आहेत. दुसऱ्याला मेकअप लागतो, एवढाच काय तो फरक. (पहिल्यालाही लागतो, असे अलीकडे आढळून आले आहे.)

रसेल डॅनफर्थ यांनी हे दुसरे काम एकवीस वर्षे टीव्हीवर उजव्या खुर्चीत बसून निष्ठेने केले. डाव्या खुर्चीत मॉर्टी ग्लिकमन असत. देशात काही बिघडले की डॅनफर्थ ग्लिकमनकडे बोट दाखवत, ग्लिकमन डॅनफर्थांकडे, आणि नंतर दोघे एकाच गाडीतून जेवायला जात. डॅनफर्थांनी देशाच्या अधोगतीची चौदाशे कारणे शोधून काढली (सरकार, आयात माल, परदेशी माणसे, चर्चमधली गिटार आणि ग्लिकमन ही त्यांतली प्रमुख). उपायांकडे वळावे, तर नेमक्या जाहिराती लागत. एवढा अनुभव वाया जाऊ नये म्हणून ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले.

पक्षाचा उमेदवार ठरवणारी पहिली लढत न्यू हॅम्पशायर राज्यात. तिथल्या लोकांना एक वाईट खोड आहे. उमेदवाराला समोर उभा करून स्वतः प्रश्न विचारल्याशिवाय ते मत देत नाहीत. मिलबरो गावात बंब बाहेर काढून अग्निशमन केंद्रात सभा भरली होती. पहिलाच हात डॉट थिबोडोचा. ती कागदाच्या गिरणीत कामाला होती, आणि गिरणी शुक्रवारी बंद होणार होती.

"मिस्टर डॅनफर्थ, मी रोज बघते तुम्हाला. नवरा होता तोवर दोघं बघायचो. एवढंच सांगा, शुक्रवारनंतर आम्ही करायचं काय?"

"याला जबाबदार कोण, ते मी सांगतो."

"ते माहितीय हो. तुम्हीच तर सांगत आलात. करायचं काय?"

डॅनफर्थांनी सवयीने डावीकडे पाहिले. तिथे झेंडा होता. ते जाहिरातीची वाट पाहू लागले, पण जाहिरात काही लागेना.

हॉटेलवर पोचताच त्यांनी फोन लावला. "मॉर्टी, ये रे बाबा. एकट्याला जमत नाही."

"अरे, मी तुझ्या विरोधात मत देणार आहे."

"दे की. पण इथे डावीकडे उभा राहून दे."

पुढच्या सभेला ग्लिकमन डावीकडे उभे होते. डॉटचा हात पुन्हा वर होता. पण डॅनफर्थांनी ग्लिकमनकडे बोट दाखवले, "हा माणूस," आणि ग्लिकमन म्हणाले, "तू आधी गेल्या नाताळच्या जेवणाचं बिल कोणी दिलं ते सांग." तिथून गाडी गिटारवर गेली, गिटारवरून चीनवर, चीनवरून डॅनफर्थांच्या केसांच्या रंगावर. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. नवरा गेल्यापासून डॉट पहिल्यांदाच पोट धरून हसली. टाळ्या वाजवायच्या म्हणून तिने हात खाली घेतला.

मतदान मंगळवारी झाले. डॅनफर्थ पहिले आले. उभेच न राहिलेले ग्लिकमन दुसरे आले, कारण लोकांनी मतपत्रिकेवर त्यांचे नाव हाताने लिहिले होते. लोकशाही इतकी जिवंत क्वचितच दिसते.

आता डॅनफर्थ राष्ट्राध्यक्ष झाले का, ग्लिकमनना उपाध्यक्षपद मिळाले का, आणि ते बिल कोणी दिले होते, हे जाणून घ्यायची उत्सुकता वाचकांना असणारच. मध्ये शुक्रवार येऊन गेला, त्याबद्दल मात्र कोणाची विचारणा नाही. डॉटने विचारले नाही, ते समजण्यासारखे आहे. ती बिचारी हसत होती. तुम्ही तर शांतपणे बसून वाचत होतात.