सबनीसांनी रशियाला ठेवलेली नावं

सबनीसांनी कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. डॉक्टर एक्सरे बघतात तसे ते आधी ताटलीवर वाकतात, एक घास घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

"आमच्याकडे याला मांजरही तोंड लावणार नाही."

मग ती ताटली चाटूनपुसून साफ करतात.

आम्ही दोघं सिंगापूरला जुरोंग आयलंडवर एकाच रिफायनरीत होतो. सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी, दुपारी कँटीनमध्ये समोरासमोर आणि शनिवारी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, पुन्हा तेच. चिकन राइस म्हणजे 'टायफॉइडमधून उठलेल्याचं पथ्य'. लाक्सा म्हणजे 'सोलकढीत कुणाच्या तरी हातून शेवया पडल्या'. एकदा आमच्या टेबलावरच्या एका चिनी सहकाऱ्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "अंकल, डोन्ट लाइक, डोन्ट ईट, ला!" सबनीसांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि दुसरी प्लेट मागवली.

सबनीस सीकेपी. 'आमच्याकडे' हा शब्द ते असा उच्चारतात, की मागे राजवाडा वगैरे असेल असं वाटावं. प्रत्यक्षात क्वीन्सटाउनमधला जुना फ्लॅट आणि त्यात एकटे सबनीस. लग्न केलेलं नाही. 'मुलींना स्वयंपाक येत नव्हता' हे कारण ते सांगायचे. मला ते खरं वाटायचं, कारण इतक्या तिरसट माणसाबरोबर कुणी स्वखुशीनं राहील हे पटत नव्हतं. मीसुद्धा त्यांच्याबरोबर जेवायचो ते सवयीनं, आवडीनं नव्हे.

आणि २०१६ साली कंपनीनं मला या माणसाबरोबर रशियाला पाठवलं. व्होल्गाकाठच्या एका शहरात आमचा कॉम्प्रेसर तयार होत होता. चाचणी बघायची, सह्या करायच्या आणि परत यायचं. विमानातच सबनीसांनी जाहीर केलं, "थंड देशातल्या लोकांना चव नसते. जीभ गोठलेली असते."

पहिल्या सकाळी हॉटेलात ग्रेच्का आली. कुट्टूची लापशीच ती. सबनीस म्हणाले, "उपासाचं धान्य. पण यांचा उपास कधी सुटलेलाच दिसत नाही." दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये बोर्श्च आलं, लालभडक, वर घट्ट सायीच्या दह्याचा गोळा. "बिटाचं सार. फोडणी द्यायचं विसरली बाई." ब्लिनी म्हणजे अंगात ताकद नसलेली घावनं. खिमा भरलेली पेल्मेनी म्हणजे मोदकांचा गर्भपात. क्वास नावाचं पावापासून आंबवलेलं पेय त्यांनी एका दमात संपवलं आणि म्हणाले, "काल रात्रीचं भांडं विसळलेलं पाणी. अजून एक सांग रे."

मीठ लावलेला हेरिंग मासा, त्यावर बटाटा, गाजर, बीट आणि मेयोनेज यांचे थर, असा एक प्रकार तिथं असतो. त्याच्या नावाचा अर्थ 'फरकोटातला हेरिंग'. "मेल्यावर कशाला कोट?" सबनीस म्हणाले. मी सीकेपी माणसापुढे माशाचा विषय वाढवला नाही.

चालीरीतींनाही सुटका नव्हती. उंबरठ्यावर उभं राहून हात मिळवायचा नाही, म्हणे अपशकुन. "आमच्याकडे उंबरठ्यावर शिंकायचं नाही. यात यांचं नवीन काय?" व्होडका पिण्याआधी प्रत्येकानं उठून भाषण करायचं. "लग्नात उखाणे घेतात तसं. फक्त इथं नवरी बाटलीत." व्होडकाबद्दल त्यांचं मत होतं, "रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या मॅनेजरसारखी." कारखान्याच्या लोकांनी त्यांना बान्या नावाच्या वाफेच्या न्हाणीघरात नेलं आणि बर्चच्या पानांच्या जुडीनं झोडपलं. बाहेर आल्यावर सबनीस लालबुंद होऊन म्हणाले, "मार खायचा आणि वर धन्यवाद म्हणायचं. असली शाळा होती आमची."

हे सगळं मराठीतून चालायचं, खणखणीत आवाजात. आजूबाजूचे रशियन माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "ही इज व्हेरी हॅप्पी."

आम्हाला सांभाळायला कारखान्यानं सिर्गेई नावाचा इंजिनियर दिला होता. चाचणीच्या कागदांवर त्याचीच पहिली सही लागणार होती. रविवारी त्यानं आम्हाला आईच्या घरी जेवायला बोलावलं. सबनीसांनी फुलं घेतली, मोजून डझनभर. सिर्गेईनं गाडीतच त्यातलं एक उपटून खिडकीबाहेर टाकलं. तिकडे सम संख्येत फुलं फक्त मयताला नेतात.

सिर्गेईच्या आईचं नाव गालिना पेत्रोव्हना. पंचाहत्तरीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल, हातात पळी. टेबलावर जागा नव्हती. कोबीचं लोणचं, काकड्या, बटाटे, सारण भरलेले पाव, आणि मध्ये बोर्श्चचं पातेलं. ती आम्हाला एकच शब्द म्हणत होती, "कुशाय, कुशाय." खा, खा.

सबनीस वाकले. घास घेतला. डोळे मिटले.

"कँटीनवाली बरी होती," ते म्हणाले. "हिनं बीट शिजवलंय की अंघोळीला घातलंय?"

गालिनाबाईंनी सिर्गेईला काही विचारलं. सिर्गेईनं मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतात ते?"

"म्हणतात, अप्रतिम आहे."

सबनीसांनी ताटली रिकामी केली. तिनं लगेच भरली. त्यांच्या आईची शिकवण, ताटात टाकायचं नाही. तिची रीत, ताट रिकामं दिसलं की पाहुणा उपाशी. या दोन धर्मांची गाठ पडली आणि लढाई सुरू झाली. तिसऱ्यांदा वाढून झाल्यावर सबनीस उखडले. त्यांनी लोणच्याच्या कोबीपासून सुरुवात केली, काकड्यांवर आले, बटाट्यांचे वाभाडे काढले आणि शेवटी ताटली उचलून तिच्या नाकासमोर धरली. "मीठ! मीठ नावाची वस्तू असते, ठाऊक आहे का?"

मला ती सही दिसत होती, न झालेली.

"हे खूप भावनिक झालेत," मी म्हणालो.

सिर्गेईनं भाषांतर केलं. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी फटकन बोलली. सिर्गेई कसनुसा होऊन माझ्या कानाशी वाकला.

"आई म्हणते, तू खोटं बोलतोस. हा माणूस नावं ठेवतोय."

सबनीसांनी विचारलं, "काय म्हणते?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. या माणसाला लाज वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं. ते उठून उभे राहिले, काय करावं न कळून हात जोडले.

गालिनाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि बराच वेळ बोलल्या. सिर्गेई खाली बघत हळूहळू सांगत होता.

"माझे वडील असेच होते. चाळीसेक वर्षं आईच्या प्रत्येक सूपमध्ये चूक काढायचे आणि सगळं संपवायचे. ते गेल्यापासून इथं येणारा प्रत्येक जण छान म्हणतो आणि अर्धं टाकून जातो. मीसुद्धा." त्यानं आईकडे बघितलं. "आई म्हणते, त्यांना विचार, बटाट्यांबद्दल काय म्हणत होते. सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."

मग मी सगळं सांगितलं. बिटाची अंघोळ सांगितली तेव्हा ती टेबलावर हात आपटून हसली आणि रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. सबनीसांनी चौथी ताटली स्वतःहून पुढे केली.

निघताना तिनं सगळ्यांना कोट घालून पुन्हा खाली बसवलं. प्रवासाआधी क्षणभर गप्प बसायचं ही तिकडची रीत. यावर सबनीस काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ते बोलले नाहीत.

सह्या झाल्या. आम्ही सिंगापूरला परतलो. बस तीच, कँटीन तेच, मांजर तेच. मला वाटलं, रशिया संपला.

काही महिन्यांनी एका रविवारी संध्याकाळी मी शिफ्टच्या कामासाठी क्वीन्सटाउनला त्यांच्या घरी गेलो. आधी कळवलं नव्हतं. सहा वाजले होते आणि सबनीस जेवायला बसत होते. वालाचं बिरडं आणि भात. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून, हे सगळं त्यांनी एकट्यानं केलेलं. भिंतीवर एका वृद्ध बाईंचा फोटो होता.

"आई," ते म्हणाले. "इथंच असायची माझ्याकडे. तिच्या बिरड्याला रोज नावं ठेवायचो. ती म्हणायची, मग कर की स्वतः. तू कंपनीत यायच्या आदल्या वर्षी गेली."

मी घड्याळाकडे बघत विचारलं, "एवढ्या लवकर जेवता?"

"तिकडे आत्ता एक वाजतो," सबनीस म्हणाले. "हल्ली रविवारी सिर्गेई येत नाही. एकटी असली की म्हातारी ब्रेड चघळून दिवस काढते."

पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला. पडद्यावर रुमाल आला, मग पळी, मग गालिनाबाई.

"हं, मावशी, दाखव काय केलंस," सबनीस मराठीत म्हणाले.

तिनं बोर्श्चचा वाडगा कॅमेऱ्यासमोर तिरका धरला. सबनीसांनी वाकून बघितलं, डोळे मिटले. "पाणी आहे नुसतं. पाय बुडवून बसायला बरं." ती तिकडे खळखळून हसली. मग तिनं बोटानं खूण केली, तुझं दाखव. सबनीसांनी बिरड्याची वाटी पुढे नेली. तिनं चष्मा लावला, नीट बघितलं आणि नाक मुरडलं. मग तावातावानं बोलायला लागली, रशियनमध्ये, पळी हलवत. थांबेचना.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," सबनीस म्हणाले. "पण नावं ठेवतेय बघ."

आणि भातावर बिरडं घेऊन ते जेवायला लागले.