देवराव सरांचा सल्लागारी कोट

निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत देवराव तायडे सरांनी अमरावतीच्या घराच्या फाटकावर पाटी ठोकली: ‘शैक्षणिक सल्लागार’. शिक्षकाचा अनुभव म्हणजे खजिना, तो निवृत्तीनंतर सल्लागार होऊन वापरावा, असं मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कुणी टायवाला तरुण सांगत होता. सरांनी टाय घेतला नाही, पण काळा कोट शिवला. आता फक्त सल्ला विचारणारं माणूस हवं होतं, आणि तेच येत नव्हतं. पाटी वाचून जो पहिला गृहस्थ आत आला, तो शेगडी दुरुस्त करणारा होता आणि त्याला मागच्या गल्लीतलं घर हवं होतं.

अखेर अकोल्याहून फोन आला. सरांची जुनी विद्यार्थिनी रागिणी तिथल्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती. पोरांचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. सरांनी एक दिवस यावं, पाहावं आणि सल्ला द्यावा, अशी तिची विनंती होती.

सकाळी कोट चढवताना सरांनी बायकोला बजावलं, “सल्लागार खडूले हात लावत नाही. तो मागं बसते अन् निरीक्षण करते.”

“तुमी मागं बसान?” इंदूबाईंना हसू आवरेना. “भाचीच्या लग्नात पोरं गोंधळ करून राह्यली होती, तं तुमी मांडवात त्यायच्या रांगा लावल्या!”

“ते वेगळं.”

“बरं. संध्याकाळी कोटाले खडू दिसला, तं पाटी काढा. मी तिथं मोगऱ्याची कुंडी टांगतो.”

“कबूल!” सर म्हणाले आणि ऐटीत बस स्टँडकडे निघाले.

शाळेत चहा झाला. सरांनी घसा साफ करून सल्ल्याचं पहिलं वाक्य जुळवलं, तोच रागिणी अवघडून म्हणाली, “सर, पाचच मिनिटं सातवीत बसता का? तिथल्या मॅडम ऑनलाइन माहिती भरून राह्यल्या, सर्व्हर आत्ताच सुरू झाला. तुमचं निरीक्षणही होऊन जाईन.”

सर मागच्या बाकावर बसले. फळ्यावर एक गणित होतं आणि त्याचं उत्तर चुकलेलं होतं. सरांनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. उत्तर चुकलेलंच राहिलं. शेवटी ते उठले आणि रुमालाने त्यांनी ते पुसलं. पुसण्याला खडू लागत नाही, अशी मनाची समजूतही घातली. पण मग बरोबर उत्तर कोण लिहिणार? पोरं तर वह्या उघडून बसली होती.

शाळेत रिकामा माणूस सापडल्याची बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचायला वेळ लागला नाही. आठवीच्या सरांना मतदार यादीच्या कामाला जायचं होतं, म्हणून आठवीची पोरं सतरंजी घेऊन सातवीत आली. खेळाच्या शिक्षकांनी जाता जाता आपली शिट्टी देवराव सरांच्या गळ्यात अडकवली. दुपारी खिचडी शिजली, ती पोरांच्या आधी एका शिक्षकाने चाखायची असते. तीही सरांनीच चाखली. मीठ कमी होतं. तो त्या दिवशी त्यांनी दिलेला पहिला सल्ला.

जेवणानंतर ते नववीला भूमितीचं प्रमेय शिकवत होते. अगदी रंगात आले होते. एवढ्यात शिक्षण खात्याचे एक तरुण साहेब तपासणीला म्हणून दारात उभे राहिले.

“टाचण दाखवा.”

सरांच्या हातातला खडू थांबला. आज काय शिकवायचं, ते शिक्षकाने आधी लिहून ठेवायचं, ते टाचण. मुख्याध्यापक असताना टाचण नाही म्हणून देवराव सरांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. ‘मी सल्लागार आहो’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण साहेबांच्या मागे रागिणी हात जोडून उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेरचा माणूस दिवसभर तास घेतोय हे कळलं असतं, तर सगळं तिच्यावर शेकलं असतं.

“विसरलो साहेब,” देवराव सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

“या वयात विसरता?” साहेब रागिणीकडे वळले. “मॅडम, हे शिकवतात बरं, पण यांना शिस्त नाही. एखाद्या चांगल्या सल्लागाराकडे पाठवा यांना.”

वर्ग खिदळला. सरांनी जोरात शिट्टी वाजवली.

संध्याकाळी रागिणीने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तिचे डोळे भरून आले होते. “सर, आज तुमी मले वाचवलं. पण सल्ला राह्यलाच. पोरायचं लक्ष काहून लागत नाही?”

“वर्गात कोणी असन तं लागन ना, बाई.”

रागिणी ओशाळली. मग हळूच म्हणाली, “दर गुरुवारी याल का सर? सल्लागार म्हणून?”

परतीच्या बसमध्ये सरांनी कोट झटकला. खडू गेला नाही, फक्त सगळीकडे सारखा पसरला. घरी आले ते शाल पांघरूनच.

“अजी, एवढ्या उकाड्यात शाल?”

“सत्काराची आहे. मान ठेवा लागते.”

इंदूबाईंनी शाल उचलली. कोट पाठीकडूनही पांढरा झाला होता. त्या कुंडी आणायला वळल्या. सरांनीही वाद घातला नाही. स्वतःच स्टूल नेऊन पाटी उतरवली. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून इंदूबाईंनाच वाईट वाटलं.

“जाऊ द्या. आता नका जाऊ तिकडं.”

“काहून? गुरुवारी जाणं आहे ना!” सर एकदम ताठ झाले. “नववीचं प्रमेय अर्धं राह्यलं. तो साहेब मधातच आला.”

“अन् कोट?”

“कोट राहू दे. पांढरा सदरा काढून ठेव.”

आणि देवराव सर आत जाऊन गुरुवारचं टाचण लिहायला बसले.