रिकाम्या खुर्चीचं चित्र

चाळीस वर्षं मी लहान मुलांना चित्रं बघायला शिकवते आहे. माझ्यासमोर कसलंही चित्र आणून ठेवा, दहा मिनिटांत पोपटासारखं बोलायला लागतं! म्हणून तर एबे थोरूपचं भलंमोठं चित्र आमच्या वाचनालयात टांगलं गेलं, तेव्हा ग्रंथपाल बोडिल धावत माझ्याकडे आली.

"गुडरून, शुक्रवारी एबे स्वतः येतोय. कुणीतरी चित्र मनापासून बघितलं असं त्याला वाटलं, तर चित्र कायमचं आपलं. नाहीतर गाडी घेऊनच येणार आणि उचलून नेणार!"

"बघण्याचं माझ्यावर सोड," मी म्हणाले. "तू कॉफीचं बघ."

हा एबे दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या जुन्या पवनचक्कीत राहायला आला. दाढी भरपूर, बोलणं जेमतेम. यापलीकडे गावाला त्याच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं.

शुक्रवारी मी बारा मुलांना चित्रासमोर जमिनीवर बसवलं. चित्र भिंतीएवढं! शेकडो लाल चौकोन, प्रत्येकावर पांढरा क्रूस. मधोमध लांबलचक काळं टेबल, एकच रिकामी खुर्ची, आणि वर परातीएवढा उघडा डोळा, कोपऱ्यातल्या दाराकडे लागलेला. मी चार पानं टिपणं काढून आले होते. लाल म्हणजे रक्त, क्रूस म्हणजे थडगी, खुर्ची म्हणजे युद्धावरून न परतलेला मुलगा. पण मी आधी कधीच सांगत नाही. आधी विचारते.

"काय काय दिसतंय?"

"झेंडे!" सहा वर्षांचा विगो ओरडला. "वाढदिवस आहे!"

आता आमचा झेंडा लाल, त्यावर पांढरा क्रूस, हे खरं. आणि आम्हा डॅनिश लोकांना वाढदिवसाला दारात, केकवर, फार काय मांजराच्या गळ्यातही झेंडा लागतो, हेही खरं. पण एवढा दाढीवाला चित्रकार एवढं सोपं काढेल?

"छान," मी शांतपणे म्हणाले. "आणखी थोडा वेळ बघ."

विगोनं आणखी थोडा वेळ बघितलं. "खूप मोठा वाढदिवस आहे!"

"पण खुर्ची रिकामी का?" आल्मानं विचारलं.

"पाहुणे यायचेत अजून," विगो म्हणाला. "गुडरून, वाढदिवस कुणाचा गं?"

मी टिपणांचं दुसरं पान शोधत होते. तेवढ्यात आल्मा उठली आणि हाच प्रश्न घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली! तिथं बोडिल केकवर क्रीम थापत होती. तिनं अर्धवट ऐकलं, "अगंबाई, मला कुणी सांगितलंच नाही!" म्हणाली आणि केकमध्ये दहा झेंडे खोचून गात गातच बाहेर आली. आमच्याकडे वाढदिवसाचं गाणं सुरू झालं की समोरचा माणूस काहीही करत असो, उभा राहून गातो. वर्तमानपत्र वाचणारे चार म्हातारे उठले. मुलांनी एक कडवं तुतारीच्या आवाजात म्हटलं, एक ढोलाच्या!

आणि दारात एबे उभा. बाहेर त्याची गाडी.

त्या माणसानं थडगी रंगवली, आणि आम्ही त्यांच्यापुढे तोंडानं ढोल वाजवतोय! गाणं संपलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नक्की कुणाचा वाढदिवस?

मी हात वर केला. "माझा!"

"कितवा?" बोडिलनं विचारलं.

मी एकाहत्तरची. पण एकाहत्तराव्यासाठी एवढा आरडाओरडा कोण करतं? "पंचाहत्तरावा!"

झालं! बोडिल अंगणातल्या काठीवर झेंडा चढवायला पळाली. तो बघून समोरचा खाटीक सॉसेजची माळ घेऊन आला. अग्निशामक केंद्रात बँडची तालीम चालली होती, ते सगळे वाद्यांसकट आले! मला खुर्चीवर उभं केलं, गळ्यात माळ घातली. सॉसेजची!

"पण तुझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो ना?" विगोनं मोठ्यांदा विचारलं.

"केक खा," मी म्हणाले. चाळीस वर्षांत मुलाच्या प्रश्नाला मी असं उत्तर पहिल्यांदाच दिलं.

एबे पुढे आला. माझा हात हातात घेतला. "अभिनंदन," एवढंच म्हणाला, आणि केकची बशी घेऊन चित्राखाली जाऊन बसला. मी माळ काढून त्याच्या मागोमाग गेले. माफी मागायची होती, पण विगो माझ्याआधी पोचला होता.

"तो डोळा दाराकडे का बघतोय?"

"कोणी येतंय का ते बघायला," एबे म्हणाला.

"आलं?"

"नाही आलं. गेल्या वर्षी मी घरभर झेंडे लावले, टेबल मांडलं. पण मी इथं नवीन. कुणाला सांगायचं सुचलंच नाही."

"गेल्या वर्षी कधी?" मी विचारलं.

"आजच्याच तारखेला. आज साठ पूर्ण झाली."

मागे बँडनं माझ्यासाठी पुन्हा तेच गाणं सुरू केलं.

एबेनं बशी खाली ठेवली आणि विगोच्या डोक्यावरून हात फिरवला. "चित्र राहू दे इथंच. या मुलानं बघितलंय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "फक्त तुमचा वाढदिवस पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी ठेवता आला तर बघा!"