चहा न प्यालेला न्यायाधीश

टास्मानियातल्या पोर्ट कॅलनच्या कामगार न्यायाधिकरणात एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता डॅरिल हॉस्किन या कर्मचाऱ्यानं न्यायमूर्ती हॅवरफील्ड यांना निकाल वाचताना अडवलं. म्हणजे त्यानं दार उघडलं, चहाची ढकलगाडी आत घेतली आणि म्हणाला, "चहा झालाय, साहेब."

निकाल एका कत्तलखान्याच्या मालकाविरुद्ध होता. त्यानं कामगारांची सकाळची दहा मिनिटांची चहाची सुट्टी बुडवली होती. "कामगाराला वेळेवर मिळणारा चहा म्हणजे..." इथवर साहेब आले होते. चहा म्हणजे काय, ते राहूनच गेलं.

डॅरिलचं म्हणणं साधं होतं. गेली एकोणीस वर्षं चहा साडेदहाला येतो. समोर बसलेली लघुलेखिका सकाळपासून टायपत होती आणि साहेब ज्या कलमाचं गुणगान करत होते, तेच कलम तिलाही लागू होतं. पण साहेबांच्या निकालाची अजून एकतीस पानं बाकी होती.

शुक्रवारी कर्मचारी विभागाच्या नेरिडाबाईंनी त्याला बोलावलं.

"बस रे डॅरिल. आपण सगळे इथं घरच्यासारखेच, म्हणून घरच्यासारखंच सांगते. तुझी नोकरी जाऊ शकते. बिस्किट घे."

"मीच भाजलीत ती."

"छान झालीत हं."

कायदा असा, की अशा बैठकीला कर्मचाऱ्यानं धीर द्यायला एक माणूस सोबत आणावा, मात्र त्या माणसानं बोलू नये. डॅरिलनं मेव्हण्याला, ट्रेव्हला आणलं होतं. ट्रेव्ह समुद्रावर खेकडे धरायचा आणि घरी डॅरिलच्या बहिणीपुढं गप्प बसायचा, त्यामुळं अनुभव दांडगा.

"तू न्यायालयाच्या कामात व्यत्यय आणलास, हे मान्य?" नेरिडाबाईंनी विचारलं.

ट्रेव्हच्या नाकातून 'हुं' असा आवाज आला.

नेरिडाबाईंनी लिहिलं, 'सोबतच्या इसमानं नाकावाटे मत नोंदवलं.'

"अहो बाई, मला सर्दी झालीये!"

'नंतर तोंडावाटे,' नेरिडाबाईंनी लिहिलं आणि बैठक तहकूब केली.

आता, ज्या न्यायाधिकरणानं शेकडो मालकांना 'माणूस काढलात, पण रीतसर काढला नाहीत' म्हणून झोडपलं, त्यानं स्वतःचा माणूस रीत सोडून काढून कसं चालेल? म्हणून ठरलं, की रीतसर सुनावणी करायची आणि तोवर डॅरिलनं पूर्ण पगारावर घरी बसायचं.

हॅवरफील्ड साहेब तक्रारदार, तेव्हा ते बाद. उरले पाच न्यायाधीश. पहिल्यानं लेखी कळवलं, की आपण आरोपीच्या हातचा चहा चौदा वर्षं पीत आलो आहोत, त्यामुळं निःपक्षपाती राहणं अशक्य. दुसऱ्यानं बिस्किटं कबूल केली. तिसरीला मूल झालं तेव्हा डॅरिलनं केक पाठवला होता. चौथ्यानं पक्षपात मान्य करून केक आपल्याला का मिळाला नाही, अशी वेगळी तक्रार नोंदवली. पाचवे नुसतं गरम पाणी प्यायचे. पण पाणी डॅरिलनं तापवलेलं.

इकडं इमारतीत चहा बंद पडला. विजेच्या किटलीला सुरक्षेच्या तपासणीचं लेबल बांधलेलं होतं आणि तिला हात लावायचं प्रशिक्षण एकट्या डॅरिलनं घेतलेलं. सहा न्यायाधीश किटलीभोवती उभे राहायचे, लेबल वाचायचे आणि परत जायचे.

शेवटी डार्विनहून न्यायमूर्ती लॉरेन फेनविक यांना विमानानं आणलं. त्यांनी आयुष्यात पोर्ट कॅलनचा चहा प्यालेला नव्हता. तसं प्रतिज्ञापत्रच होतं. डॅरिल दाढी करून, लग्नातला टाय बांधून आला. शेजारी ट्रेव्ह, तोंडावर हात ठेवून.

"हॉस्किन, नुकसानभरपाई हवी की नोकरी?" फेनविकबाईंनी विचारलं.

"नोकरी, बाई. घरी मी एकटाच असतो. साडेदहा वाजले की हात आपोआप बारा कप मांडतात. मग अकरा कप परत धुवून ठेवायचे."

बाई खोकल्या. डार्विनच्या उकाड्यातून आलेल्या त्या, इथं अंगावर कोट असूनही कुडकुडत होत्या. घड्याळात साडेदहा झाले.

"एवढ्या मोठ्या इमारतीत कपभर चहा मिळत नाही का हो?"

नेरिडाबाईंनी उभं राहून किटलीची परिस्थिती सांगितली.

"म्हणजे ती चालवू शकतो कोण?"

सगळ्यांनी आरोपीकडं बघितलं.

"दूध किती घालू, बाई?" डॅरिलनं विचारलं.

"निलंबित माणसानं काम करायचं नसतं," नेरिडाबाई कुजबुजल्या.

"आणि चहाची सुट्टी नाकारायची असते का?" बाई कडाडल्या. "मीसुद्धा नोकरदारच आहे!"

डॅरिल गेला. किटलीचा आवाज आला तसे वरच्या मजल्यावरचे सहाही न्यायाधीश जिन्यात येऊन उभे राहिले. बाईंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "अहाहा! असा चहा मी तीस वर्षांत..."

आणि थांबल्या. कप बशीत ठेवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मला या प्रकरणातून माघार घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. मग उरलेला चहा संपवला.

ट्रेव्हनं कपाळावर हात मारला. नेरिडाबाईंनी तेही लिहून घेतलं.

डॅरिल अजून घरीच आहे. नोकरी गेलेली नाही, परतही मिळालेली नाही, आणि त्यानं चूक केली की नाही ते अजून कुणी तपासलेलं नाही. रोज अकरा कप मात्र धुतले जातात. नेरिडाबाईंनी आता अट सैल केली आहे. चहा न प्यालेला न्यायाधीश मिळत नसेल, तर प्यालेला चालेल, फक्त चहा कोण आणून देतो हे त्याला ठाऊक नसावं. पोर्ट कॅलन पडलं छोटं गाव, तिथं असा माणूस सापडेना, म्हणून शोध बाहेर चालू आहे.

आज सकाळी तुमच्या टेबलावर चहा आला असेल. ज्यानं ठेवला, त्याचं नाव सांगा बरं.

नाही ना आठवत? मग अर्ज करून टाका. विमानाचं तिकीट न्यायाधिकरणच देतं.